रंग पळत नसतो, यमुनाबाई!

मिठाच्या पाण्याचा स्विमिंग टँक म्हणजे बिनक्लोरिनचा टँक, हे वाक्य मी गेल्या सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी ते नुसतं सुरू केलं तरी माझं बीपी वाढतं. गमतीने म्हणत नाही, आमच्या डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आहे. आणि गोळी लिहून देता देता त्याच डॉक्टरांनी मला विचारलं, "काय हो, मिठाच्या टँकमध्ये क्लोरिन नसतं ना? आमचे मेहुणे बसवतायत."

नसतं? अहो, असतं! तेच तर असतं!

आता हे सविस्तर सांगतो, म्हणजे निदान हा अंक वाचणाऱ्यांनी तरी मला पुन्हा विचारू नये. विकणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो. "सर, केमिकल-फ्री. समुद्रात पोहल्यासारखं. डोळे चुरचुरणार नाहीत, मेंटेनन्स शून्य." घरातले खूश. मशीन बसतं, मिठाची पोती रिकामी होतात, हार घालून उद्घाटन होतं. खरी गोष्ट अशी की एक लिटर पाण्यात तीन-चार ग्रॅम मीठ असतं. समुद्रात याच्या नऊ-दहा पट असतं. तुमच्या-माझ्या आसवांतसुद्धा याच्या दुपटीहून जास्त. हे पाणी पंपाने एका नळकांड्यातून जातं, आत धातूच्या पट्ट्या असतात, पट्ट्यांतून वीज गेली की मिठातून क्लोरिन सुटतं. ते जंतू मारतं आणि आपलं काम संपवून परत मीठ होतं. म्हणजे बाजारातून क्लोरिन आणण्याऐवजी तुम्ही ते घरच्या घरी बनवता. बिनक्लोरिनचा टँक कसला डोंबलाचा! तुम्ही क्लोरिनचा कारखानाच काढलाय परसात.

आणि कारखाना म्हटला की रोज कोणीतरी मोजायला लागतं. हजार लिटर पाण्यात एक ते तीन ग्रॅम क्लोरिन हवं. कमी झालं तर पाणी हिरवं, जास्त झालं तर डोळे लाल. शिवाय मिठाच्या टँकचं पाणी हळूहळू क्षारी होत जातं, त्याला अधूनमधून ॲसिड पाजावं लागतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी तर इतकं जड, की पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि मशीन रुसून बसतं. हे सगळं त्या इस्त्रीच्या शर्टाने सांगितलेलं नसतं. ते सांगायला मी जातो, आणि वाईटपणा मला येतो.

माझी सगळी नोकरी एकलहऱ्याला झाली. वीजकेंद्र म्हटलं की लोकांना चिमणी आणि राख दिसते, पण तिथे पाण्याची प्रयोगशाळा असते आणि तिथे आमच्यासारखी माणसं तीन पाळ्यांत नुसतं पाणी तपासत बसतात. बॉयलरमध्ये चुकीचं पाणी गेलं की नळ्या फुटतात. मी चौतीस वर्षं पाणी तपासलं. निवृत्त झालो, नाशिक रोडच्या घरात दोन महिने बसलो, आणि तिसऱ्या महिन्यात बायकोने हात जोडले. ती म्हणाली, "अहो, घरातलं माठातलं पाणीसुद्धा तपासून झालं तुमचं. आता बाहेर कुठे तरी जा." सकाळी फिरायला येणाऱ्या एका स्नेह्याच्या बंगल्यात टँक होता, तिथून सुरुवात झाली. मग गंगापूर रोड, मखमलाबाद, गिरणाऱ्याकडची फार्महाऊसं. आठवड्यातून एकदा मी जायचं, रोजची चाचणी घरातल्या कोणीतरी करायची आणि अडलं तर मला फोन करायचा, अशी पद्धत ठेवली.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली की काय सांगू! एका वहिनींनी टँकमध्ये सैंधव ओतलं. साधं मीठ उष्ण पडतं म्हणे. पोती भरून सैंधव! टँकच्या तळाला लाल माती बसली आणि वहिनी मला विचारतात, "भाऊजी, हा गाळ कुठून आला?" एक निवृत्त साहेब पाणी चाखून बघायचे. ओंजळभर तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "आज बरोबर आहे." मी म्हटलं, साहेब, त्यात काल तुमची सगळी नातवंडं दिवसभर डुंबत होती. त्यानंतर ते चाखायचे थांबले. आणि फोटो पाठवणाऱ्यांचा तर मी धसकाच घेतलाय. पिवळ्या दिव्याखाली नळी धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि मला लिहायचं, "सर, बघून सांगा." अरे, रंग बघायचा तो उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून, डोळ्यांनी! मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, फोटो पाठवायचे नाहीत, जे दिसतं ते तोंडाने सांगायचं.

या सगळ्या गोतावळ्यात ज्या एका माणसाचं काम बघून मला माझ्या प्रयोगशाळेची आठवण व्हायची, ती यमुनाबाई. ज्यांच्याकडे ती होती त्यांचं खरं नाव सांगत नाही, आपण त्यांना अण्णासाहेब म्हणू. द्राक्षांची निर्यात, धरणाच्या बाजूला फार्महाऊस, साठ हजार लिटरचा मिठाचा टँक. फार्महाऊसच्या मागे एक खोली होती, तिथे यमुनाबाई राहायची. चांदवडकडची, पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गावातलं घर दिरांनी घेतलं. त्यामुळे ती खोली हेच तिचं घर आणि ती राखण हीच तिची भाकरी.

आधी तिने वीस वर्षं खळ्यावर कांदा निवडला होता. बारकी गोल्टी वेगळी, मोठा वेगळा, पत्ती म्हणजे वरचं साल गेलेला वेगळा. हात चालू, डोळा चालू. मी तिला चाचणी शिकवली ती एका दुपारी. पाणी कोपरभर खोलवरून घ्यायचं. नळीला बूच लावायचं, अंगठा लावायचा नाही, अंगठ्याचा घाम पाण्यात जातो. एका नळीत क्लोरिन तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे, पाणी गुलाबी होतं. जितकं गुलाबी तितकं क्लोरिन. बाजूच्या पट्टीवर फिकटपासून गडदपर्यंत गुलाबी रंग छापलेले असतात, त्यांच्याशी जुळवायचं. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "सर, तुमी दीड म्हणताय, पन ह्यो दीड नाय. दोनाच्या जवळ हाय." मी हसलो. स्कूटरच्या डिकीतून मीटर काढलं, लावलं, तर एक पूर्णांक नऊ! चौतीस वर्षं नोकरी केलेला मी, आणि कांदा निवडणाऱ्या बाईने मला खोटं पाडलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. "यमुनाबाई, तुम्ही आमच्याकडे असतात तर मी पेन्शनच घेतली नसती, तुमच्या हाताखाली राहिलो असतो," असं मी म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

दोन वर्षं तो टँक माझ्या यादीतला सगळ्यात सरळ टँक होता.

मग थंडीत अण्णासाहेबांच्या नातवाचा पाचवा वाढदिवस आला. लेक-जावई पुण्याहून आठवडाभर राहायला आले. जावईबापू कसल्याशा कंपनीत इंजिनिअर. अण्णासाहेबांच्या आई, माई, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना वाटलं, एवढं पाणी घरात आहे आणि त्याची साधी पूजा नाही झालेली. आता माईंवर माझा राग नाही. पाणी दिसलं की हात जोडणाऱ्या पिढीतलं माणूस ते. त्यांनी कुशावर्ताचं तीर्थ मागवलं, पंचामृत केलं, पाच लिटर दूध, दही, तूप, मध, साखर. रविवारी सकाळी साग्रसंगीत पूजा झाली आणि ते सगळं, हो सगळं, टँकमध्ये ओतलं. झेंडूची परडी वरून.

यमुनाबाई म्हणाली होती, "साहेब, सरांना इचारू का?" अण्णासाहेब म्हणाले, "काही होत नाही. मिठाचं पाणी आहे."

मिठाचं पाणी आहे! जणू लोणचंच घातलंय, वर्षभर टिकणार!

दूध म्हणजे क्लोरिनच्या दृष्टीने घाणच. देवाला वाहिलेलं आहे की सांडलेलं आहे हे त्याला कळत नाही. जेवढं क्लोरिन होतं तेवढं त्या दुधाशी झगडून संपलं. सोमवारी सकाळी यमुनाबाईचा फोन आला. "सर, टाकीला दुधाची आंघोळ घातली काल. आज नळी कोरी हाय. गुलाबी बिलकूल नाय."

मी कपाळावर हात मारला. फार्महाऊसवर क्लोरिनच्या पावडरीचा डबा ठेवलेला असतो, अडीनडीला. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ना, तिची थोरली बहीण समजा. मी सांगितलं, बादलीत विरघळवून एक किलो फिरवा, आणि मशीन पूर्ण जोरावर ठेवा. मला तिकडे जाणं शक्य नव्हतं, घरात पुतणीचं लग्न होतं. मंगळवारी पुन्हा फोन, पुन्हा नळी कोरी. दूधच तेवढं होतं. मी म्हटलं, आणखी एक किलो. आणि थंडीमुळे टँकवर जाड प्लास्टिकचं आवरण ओढलेलं असतं, ते तसंच राहू द्या. हेही मीच सांगितलं, हे लक्षात ठेवा.

बुधवारी लग्न. बँड वाजतोय, मी फेटा बांधून उभा, आणि खिशात फोन थरथरला. एका कानात बोट घालून मी ऐकलं. यमुनाबाई सांगत होती, "सर, आज येगळंच झालं. थेंब पडला तसा गुलाबी आला. लय गडद आला. अन् लगीच पळाला. नळी पांढरी झाली. मी तीनदा केलं. तीनदा पळाला."

आणि मी, चौतीस वर्षं पाणी तपासलेला मी, बँडच्या आवाजात तिच्यावर ओरडलो. "रंग पळत नसतो, यमुनाबाई! रंग आला तर आला, नाही तर नाही. नळी नीट धुतली नसेल. कोरी आहे ना? मग आणखी एक किलो टाका!"

ती म्हणाली, "सर, मला वाटतं नगं टाकाया."

"टाका म्हणतो ना!"

"बरं," म्हणाली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला अण्णासाहेबांचा फोन आला. आवाज थंड होता. "सर, जावईबापूंनी त्यांचा किट आणलाय, ऑनलाइनवाला. त्यांनी स्वतः बघितलं. क्लोरिन शून्य. आणि डब्यातली तीन किलो पावडर गायब आहे. बाई म्हणते टाकली. टाकली तर गेली कुठे?"

मी लग्नाच्या जागरणाने वैतागलेलो, घसा बसलेला. आणि मी जे बोललो ते शब्द न् शब्द इथे लिहितो, कारण लपवून काय करू. मी म्हटलं, "पावडर पाण्यात गेली असती तर रंग आला असता. रंग नाही म्हणजे पावडर पाण्यात गेलेली नाही. कुठे गेली ते तुमच्या माणसांना विचारा."

आणि फोन ठेवला. जेवलो. पडलो.

दीड वाजता अण्णासाहेबांचा मेसेज आला, तो त्यांनी सवयीने पाठवला असावा. टँकचा फोटो, खाली लिहिलेलं, "पाणी बघा, आरशासारखं. मशीन फुल आहेच. चार वाजता केक कापून मुलं उतरतील. पावडर नसली तरी मिठावर चालतंय आपलं."

आरशासारखं. मी फोटोकडे बघत बसलो. दूध पडलेलं पाणी चार दिवसांत आरशासारखं? क्लोरिन शून्य असताना? ते तर गढूळ व्हायला हवं, बुळबुळीत व्हायला हवं. मशीन चार दिवस पूर्ण जोरावर. आवरण ओढलेलं, म्हणजे ऊन नाही. आणि उघड्या पाण्यातलं क्लोरिन उन्हानेच तर उडून जातं. तीन किलो पावडर. थेंब पडला तसा गुलाबी आला. लय गडद आला. अन् पळाला.

मी ताडकन उठलो. बायको घाबरली. "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "मी गाढव आहे, गाढव!"

नवीन येणाऱ्या केमिस्टना मी स्वतः शिकवायचो हो हे! क्लोरिन फार चढलं की ते थेंबांचा रंगसुद्धा खाऊन टाकतं. गुलाबी उमटतो आणि क्षणात पांढरा पडतो. शून्यातली नळी आणि भयंकर जास्त क्लोरिनची नळी शेजारी ठेवली तर दोन्ही कोऱ्या. फरक एवढाच, की एकीत रंग येतच नाही आणि दुसरीत येऊन पळतो. तो पळताना बघायला डोळा लागतो. तिने बघितला. तिने मला सांगितलं. आणि मी तिला सांगितलं की रंग पळत नसतो.

अण्णासाहेबांना फोन लावला, उचलला नाही. पाहुणे आलेले. जावईबापूंचा नंबर नव्हता. यमुनाबाईचा फोन बंद. मी स्कूटर काढली. नाशिक रोडहून धरणापर्यंत, भरदुपारी, द्वारक्याची ती गर्दी, प्रत्येक सिग्नल लाल. वाटेत तीनदा थांबून फोन लावला. पाच वर्षांची पोरं, डोळे उघडे ठेवून बुडी मारणारी. तोंडात पाणी घेऊन चूळ टाकणारी.

पोहोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. केक आधीच कापून झालेला, आणि सहा-सात मुलं चड्ड्या घालून टँकच्या काठावर रांगेत उभी. आवरण गुंडाळलेलं. वाढदिवसाचा मुलगा पहिल्या पायरीवर, एक पाय पाण्यात.

"बाहेर काढा! त्याला आधी बाहेर काढा!" मी फाटकातूनच ओरडलो.

सगळे वळून बघायला लागले. एका काकूंनी मुलाला उचललं. अण्णासाहेब पुढे आले. "अहो सर, काय हे? पाहुणे आहेत. क्लोरिन शून्य आहे, तुम्हीच म्हणालात."

"शून्य नाही. तीसच्या वर असेल."

जावईबापू हसले. "सर, मी स्वतः टेस्ट केली. कलरलेस आहे."

मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. टेबलावरून पाण्याची एक सीलबंद बाटली उचलली, ग्लासात दहा चमचे ओतलं. टँकमधून एक चमचा पाणी काढून त्यात घातलं. हलवलं. नळी त्याने भरली आणि जावईबापूंच्याच किटमधले थेंब त्यांच्याच हाताने टाकायला लावले. नळी गुलाबी झाली. पळाली नाही. पट्टीवर ती तीनच्या खुणेला जाऊन टेकली. एक चमचा पाणी दहा चमच्यांत पातळ केल्यावर तीन!

"आता पातळ न करता बघा," मी म्हटलं.

त्यांनी नुसतं टँकचं पाणी घेतलं, थेंब टाकले. या वेळी मी सगळ्यांना जवळ बोलावलं होतं. थेंब पडला, लालभडक गुलाबी उमटला आणि डोळ्यांदेखत पांढरा झाला. कोणीतरी "अय्या" म्हणालं.

"ही पावडर," मी म्हटलं. "तीनही किलो. इथे आहे. पाण्यात आहे. कोणी नेलेली नाही."

मुलांना आत पाठवलं, मशीन बंद केलं. आवरण पुन्हा ओढायचं नाही, दोन-तीन दिवस ऊन लागू द्यायचं, मी येऊन तपासेपर्यंत कोणी उतरायचं नाही, हे मी तीनदा सांगितलं. अण्णासाहेब मान डोलावत होते. मग मी विचारलं, "यमुनाबाई कुठे आहेत?"

माई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी मागच्या खोलीकडे हात केला. "जायला निघाली आहे रे ती. सकाळी तिचं सामान उघडून बघितलं यांनी. सगळ्यांसमोर. मी नको म्हणत होते."

काय बघितलं? तिची पत्र्याची पेटी! अंगणात आणून उघडली. लुगडी, नवऱ्याचा फोटो, औषधाच्या गोळ्या. जावईबापूंचा अंदाज असा की बाईने पावडर गावाकडे विहिरीसाठी विकली. अहो, गावात ती पावडर ग्रामपंचायत फुकट टाकते! तीन किलो पावडरीसाठी कोण चोरी करतं? निर्यातीचे कंटेनर पाठवणारी माणसं, आणि अक्कल एवढी?

मी मागे गेलो. यमुनाबाई दारात उभी होती, पेटी बांधलेली, पिशवी खांद्याला. माझी नजर तिच्या लुगड्यावर गेली. जांभळ्या लुगड्याचा खालचा काठ जागोजागी पांढरा पडला होता, जिथे जिथे बादलीतलं पाणी उडालं होतं तिथे तिथे. हातांच्या बोटांची सालं निघालेली. चोरीचा पुरावा शोधायला पेटी उघडली त्यांनी, आणि हा पुरावा अंगावर घालून ती त्यांच्यासमोर उभी होती. एकानेही वर-खाली बघितलं नाही.

तिला मी पुढे अंगणात घेऊन आलो. मुद्दाम आणलं. अण्णासाहेब म्हणाले, "बरं बाई, झालं ते झालं. गैरसमज झाला. जा, सामान आत ठेव. पाहुण्यांना चहा टाक."

यमुनाबाई हलली नाही. "साहेब, माजी पेटी हितं उघडली व्हती. ह्याच लोकांम्होरं. आता हितंच सांगा, मी चोर नाय म्हणून."

अण्णासाहेब हसले. ते हसणं मला आजही सहन होत नाही. "अगं, चोर कोण म्हणालं तुला? नुसतं विचारलं. आता सर आलेत, सगळं क्लिअर झालंय. उगाच ताणू नकोस."

"सांगा की साहेब. एवढंच तर म्हणते."

"काय सांगा, काय सांगा? डोक्यावर बसतात ही माणसं," जावईबापू बाजूला पुटपुटले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग माझा तोल सुटला. मी म्हटलं, "अण्णासाहेब, तुम्ही दूध ओतलंत. तिने आधी विचारलं होतं, मला विचारू का म्हणून. तुम्ही नको म्हणालात. तिने सांगितलेलं सगळं खरं निघालं. आज नातवाचे डोळे वाचलेत ते तिने मला रंगाचं सांगितलं म्हणून. पाया पडायला पाहिजे तुम्ही तिच्या, आणि तुम्ही तिला चहा टाकायला सांगताय?" आवाज चांगलाच चढला होता माझा. पाहुण्यांतले दोघे-तिघे उठून बाजूला गेले. मला वाटत होतं मी न्यायासाठी उभा आहे. मला वाटत होतं मी तिच्या बाजूचा आहे.

यमुनाबाई माझ्याकडे बघत होती.

"सर," ती हळू म्हणाली, "सकाळी तुमचा फोन स्पीकरवर व्हता."

अण्णासाहेबांकडे रोखलेलं बोट मी खाली घेतलं.

"तुमी म्हणाला, पावडर पाण्यात गेली न्हाई. कुठं गेली ते इचारा. त्याच्यावर पेटी उघडली यांनी. त्याच्या आदी कोन काय म्हणत नव्हतं. सायबांनी तुमाला इचारलं, का, तर तुमाला कळतं."

मी हात जोडले. त्या सगळ्यांसमोर म्हटलं, "यमुनाबाई, चुकलो. माझी चूक आहे, तुमची नाही. तुम्ही चोर नाही. तुम्ही मला बरोबर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही." अण्णासाहेबांनी जे सांगायला नकार दिला ते मी सांगितलं. मनापासून सांगितलं. माईंनी डोळ्याला पदर लावला.

यमुनाबाईने मान हलवली. रागावलेली नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"सायबांचं काय सर, त्यांना पाण्यातलं कळत नाय. ते समदं मिठावर चालतं समजत्यात. पन तुमाला कळतं. म्हणून मी यांना न्हाई, तुमाला फोन लावला व्हता. मी काय बघितलं ते तुमाला सांगितलं. तुमी एकदा तरी म्हणायचं, यमुनाबाई चुकायची नाय."

एवढं बोलून तिने पेटी उचलली. मी धरायला गेलो, तिने दिली नाही. फाटकापर्यंत मी तिच्या मागून गेलो, काहीबाही बोलत. माझ्या ओळखीचे चार टँक आहेत, कुठेही लावून देतो, राहायची सोय बघतो. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "निदान मुंबई नाक्यापर्यंत सोडतो. स्कूटरवर पेटी पुढे बसेल. तिथून चांदवडची गाडी मिळेल तुम्हाला."

तिने पेटी डोक्यावर घेतली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "नगं सर. बस हाय."